कावळ्याचा काळा सपाट का होतो, आणि आपल्या पावसात कोलाज कसं टिकवायचं

प्रश्न फोंड्याहून आलाय, थोडक्यात असा: तीन पक्ष्यांची मिक्स्ड मीडिया (रंगासोबत कागद, कापड, वस्तू लावून केलेली) सिरीज करतेय, कावळा, आणि त्याच्याच कुळातले रेव्हन (raven) आणि 'जे' (jay). एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या) बोर्डवर वर्तमानपत्राचं कोलाज, वरून काळा अॅक्रिलिक. कावळा नुसता काळा डाग दिसतो, रेव्हन म्हणजे तोच डाग मोठा केलेला, आणि जे प्लास्टिकच्या खेळण्यासारखा. त्यात जुलैत बोर्ड कडेने फुगला आणि कागदाला बुरशी धरली. खरी पिसं गोळा केलीत ती चिकटवली तर जिवंत दिसेल का, आणि अजून कुठलं मटेरियल घालू?

मी वीसेक वर्षं हेच काम करतेय, त्यातली निम्मी वर्षं कावळ्यांत गेली, म्हणून जरा लांबड लावते. तुम्ही विचारताय "अजून काय घालू", पण मला फोटोत दिसतंय की आधीच जास्त झालंय. बटणं आहेत, लेस आहे, घड्याळाची चक्रं आहेत, आणि या सगळ्यावर शेवटी ट्यूबमधला काळा फासलाय. म्हणजे आधी टेक्श्चर केलं आणि मग ते स्वतःच पुरून टाकलं. पिसं चिकटवून हे सुटणार नाही. माझ्या मते तुमच्या दोन अडचणी आहेत, एक म्हणजे काळा तुम्ही रंग म्हणून लावताय, आणि दुसरी म्हणजे तीनपैकी दोन पक्षी तुम्ही पाहिलेलेच नाहीत. बोर्ड फुगणं ही तिसरी, पण ती नुसती सुतारकामाची अडचण आहे, तिचं नंतर बघू.

आधी काळ्याचं. उन्हात बसलेला कावळा नीट बघा, तो काळा नसतोच. पाठीवर जांभळट, पंखावर निळसर हिरवट चमक, पोटाकडे मळकट, आणि आपल्या घरकावळ्याची मान तर चक्क राखाडी. ती चमक रंगद्रव्याची नाही, पिसात काळं द्रव्य आणि त्यावरचा पातळ पारदर्शक थर यांतून प्रकाश परततो त्याची आहे, म्हणून कावळ्याने मान वळवली की रंग सरकतो. आता ट्यूबमधला काळा बोर्डवर फासला की हे सगळं एका फटक्यात मरतं, कारण तो सगळीकडून सारखाच काळा. म्हणून माझा नियम असा की काळा लावायचा नाही, थरावर थर देत तो बांधत आणायचा.

मी कसं करते ते सांगते, तुम्ही तुमच्या हाताप्रमाणे बदला. सगळ्यात खाली गरम रंग, बर्न्ट सिएना किंवा चक्क आपली लाल माती अॅक्रिलिक मीडियममध्ये (रंग नसलेलं, चिकट, वाळून पारदर्शक होणारं द्रव्य) घोटून (माती वस्त्रगाळ करून घ्या, नाहीतर खडे येतात). ते वाळलं की कोलाज. त्यावर अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळून केलेला गडद रंग, पातळ, दोन-तीन हातांत, आणि दर वेळी कुठेतरी खालचं थोडं उघडं ठेवून. ह्या मिश्रणात निळा थोडा जास्त घातला की थंड काळा, अंबर जास्त झाला की गरम काळा, म्हणजे पाठ आणि पोट एकाच दोन ट्यूबांत वेगळे होतात. मग रंग पूर्ण कडक व्हायच्या आधी सुईने किंवा खराट्याच्या हिराच्या टोकाने पिसांच्या दिशेने ओरखडायचं, खालची लाल रेष वर येते. आपल्या देवळांच्या भिंतीवरची कावी आठवा, पांढऱ्या चुन्यावर लाल थर देऊन तो खरवडून चित्र काढतात, तीच बुद्धी. मला हे कुठल्या कोर्समध्ये सुचलं नाही, एका देवळात आरती संपायची वाट बघत भिंतीकडे टक लावून बसले होते तेव्हा सुचलं.

ट्यूबमधला तयार काळा मी शेवटी वापरते, तोही फक्त तीन ठिकाणी, चोचीच्या बुडाशी, डोळ्याभोवती आणि पंखाखालच्या सावलीत. तयार काळ्यांतही फरक आहे हां, बोन ब्लॅक जरा तपकिरीकडे झुकतो, मार्स ब्लॅक दाट आणि अपारदर्शक असतो, चायना इंक वाळली की तिला स्वतःची एक चमक येते. दुकानदार तिन्हीला काळाच म्हणणार. एका कार्डावर तिन्ही शेजारी शेजारी लावून उन्हात धरा, मग कळेल. चमकीसाठी जो इंटरफिअरन्स मीडियम मिळतो, अभ्रकाच्या कणांवर थर दिलेला, तो एका पक्ष्याला नखाएवढा पुरे. जास्त झाला की कावळा लग्नाच्या पत्रिकेवर बसल्यासारखा दिसतो.

मटेरियलबद्दल. मी स्वतःला एकच प्रश्न विचारते, ही वस्तू काढली तर पक्ष्याचं काही जातं का? जात नसेल तर वस्तू काढायची. घड्याळाच्या चक्रांचा कावळ्याशी काय संबंध, नेटवर सगळे लावतात म्हणून लावली ना. एका चित्रात तीन मटेरियल, फार तर चार, आणि प्रत्येकाला एक नेमून दिलेलं काम.

माझं सगळ्यात आवडतं मटेरियल म्हणजे मोडकी काळी छत्री. ऑगस्ट संपता संपता प्रत्येक घरात एक तरी असतेच. तिचं कापड काळं, पण सपाट काळं नव्हे, विणीमुळे एका बाजूने बघितलं की चमकतं आणि दुसऱ्या बाजूने मंद दिसतं, म्हणजे पिसासारखंच. पंखाची लांब पिसं कापताना एकाची वीण उभी ठेवा, शेजारच्याची तिरकी, रंग न लावता प्रत्येक पीस वेगळं उठून दिसतं. पाणी पीत नाही, बुरशी लगेच धरत नाही. आणि छत्रीच्या काड्यांचे पाय होतात. पाय करताना एवढं लक्षात असू द्या की पुढे तीन बोटं, मागे एक, आणि आपल्याला जो उलटा वळलेला गुडघा वाटतो तो खरं तर घोटा असतो, गुडघा वर पिसांत लपलेला असतो. तुमच्या तिन्ही पक्ष्यांचे पाय टेबलाचे आहेत, रागावू नका.

कावळा स्वतःच मिक्स्ड मीडियावाला आहे हे विसरू नका. आमच्या मागच्या आंब्यावरचं घरटं एका वादळात खाली पडलं, त्यात काटक्या होत्या, बांधकामावरची तार होती, काथ्या होता, नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा होता आणि एक हँगर. पण उगाच काहीही खुपसलेलं नव्हतं, बाहेरून तार आणि जाड काटक्या, आत मऊ काथ्या. मी ते घरटं अजून ठेवलंय आणि क्लासला येणाऱ्या मुलांना पहिल्या दिवशी तेच दाखवते. आणि आपल्याकडे कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवतातच की. गवताच्या गाठीत ना डोळा ना चोच, तरी सगळं घर त्याला कावळा मानतं आणि जेवायला बसतं. किती थोड्यात भागतं बघा.

आता खऱ्या पिसांचं. माझं उत्तर सरळ नाही असं आहे, आणि कारणं तीन. पहिलं कायद्याचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कावळा पूर्वी उंदीर-वटवाघळांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता, म्हणून सगळ्यांना वाटतं की कावळ्याचं काहीही चालतं. पण 2022 च्या दुरुस्तीत ती यादीच काढून टाकली. पडलेलं एक पीस वहीत ठेवलंत म्हणून कोणी दारात येईल असं मी म्हणत नाही, पण विकायच्या चित्रात लावण्याआधी वनखात्यात जाऊन विचारा, मी स्वतः लावत नाही. शिवाय आपल्याकडे घेणारे बरेचसे परदेशी पाहुणे. अमेरिकेत 1918 चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आहे, तिथल्या कावळ्याचं किंवा निळ्या जेचं जमिनीवर पडलेलं पीससुद्धा उचलून ठेवता येत नाही. तुमचं पीस कळंगुटचं आहे हे विमानतळावर कोण सिद्ध करत बसणार. रॉबर्ट राउशेनबर्ग या मोठ्या अमेरिकन कलाकाराचं 1959 चं 'कॅन्यन' नावाचं काम आहे, त्यात पेंढा भरलेला गरुड लावलाय. मालकीण वारल्यावर वारसांना ते गरुडामुळे कायद्याने विकताच येईना, आणि कर खात्याने मात्र किंमत धरली साडेसहा कोटी डॉलर. शेवटी 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियमला देऊन टाकलं तेव्हा सुटका झाली. आपण काही राउशेनबर्ग नव्हे, पण एका पक्ष्यापायी चित्र कसं अडकतं ते कळावं म्हणून सांगितलं.

दुसरं कारण किडे. पिसं म्हणजे किड्यांची मेजवानी, दोन वर्षांत फ्रेममध्ये नुसत्या काड्या उरतात. आणि मेलेल्या कावळ्याची पिसं तर अजिबात उचलू नका, 2021 च्या जानेवारीत बर्ड फ्लूने कितीतरी राज्यांत कावळे पटापट मेले होते. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. खरं पीस लावलं की बघणारा पिसाकडे बघतो, पक्ष्याकडे नाही. बाकी सगळं रंगवलेलं आणि एकच गोष्ट खरी, म्हणजे भजनात कोणीतरी मोबाईलवर बोलल्यासारखं.

आता रेव्हन आणि जे. इथे परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्ही हिमालयात किंवा राजस्थानात जाऊन आला असाल, तिथे बघितले असतील, तर करा जरूर. पण प्रश्नावरून वाटतं की नेटवरचे फोटो समोर ठेवलेत. फोटोवरून करणं वाईट असं नाही, पण मग निदान फरक कशात आहे तेवढा अभ्यास हवा. रेव्हन म्हणजे मोठा कावळा नव्हे. उडताना त्याची शेपटी पाचरीसारखी दिसते, कावळ्याची पंख्यासारखी गोलसर. गळ्याखाली लांब विस्कटलेली पिसं असतात, दाढी न केलेल्या माणसासारखी. चोच जाड आणि एकूण वजन किलोच्या वर, म्हणून बसण्यातच एक जडपणा असतो. तुमचा रेव्हन फांदीवर घरकावळ्यासारखा टुणकन बसलाय, म्हणून तो मोठा केलेला कावळा वाटतो. त्याच्यासाठी छत्रीचं कापड नको, ते फार गुळगुळीत. करवंटीचा कोळसा कुटून जेल मीडियममध्ये (तेच मीडियम, पण घट्ट), आणि गळ्याला विसकटलेला काथ्या काळ्या शाईत बुडवून, असं मी करून बघेन. डांबर मात्र नको, होड्यांना लावतात म्हणून माझ्या एका विद्यार्थ्याने लावलं होतं, मे महिन्यात ते रेव्हनच्या छातीवरून फ्रेमपर्यंत ओघळलं. युरोपातल्या जुन्या तैलचित्रांतही डांबराचा रंग वापरायचे, ती चित्रं मगरीच्या पाठीसारखी तडकलीत.

गोव्यात रेव्हनची हौस भागवायची तर डोमकावळा आहेच की. पूर्ण काळा, कपाळ उंच, चोच वाकदार आणि भक्कम, आवाजही घोगरा. रानाच्या कडेच्या गावांत भरपूर.

जेचं तसंच. युरोपातला जे खरं तर गुलाबीसर तपकिरी असतो आणि निळा फक्त पंखावरच्या एका पट्टीत, काळ्या रेघांसकट. अमेरिकेतला ब्लू जे तुरेवाला आणि निळा. तुम्ही दोघांना एकत्र केलंय, म्हणून खेळण्यातला वाटतो. शिवाय तो निळाही फसवा आहे, जेचं पीस खलबत्त्यात कुटलं तर निळी पूड मिळत नाही, तपकिरी मिळते, कारण निळं द्रव्य त्यात नसतंच, पिसाच्या आतल्या सूक्ष्म पोकळ रचनेतून प्रकाश विखुरतो त्याचा तो रंग. म्हणून सरळ निळ्या ट्यूबने भरलं की प्लास्टिक दिसतं. खाली गडद तपकिरी, त्यावर निळ्याचा पातळ पारदर्शक हात, मग टिश्यू पेपरचा तुकडा आणि परत निळा, असं केलं तर निळा आतून आल्यासारखा वाटतो.

पण मी तुमच्या जागी असते तर जेच्या जागी टकाचोर घेतला असता. तो कावळ्याच्याच कुळातला, गंजाच्या रंगाचं अंग, डोकं काळपट, पंखावर राखाडी पांढरा पट्टा आणि ही लांब शेपटी टोकाला काळी. घाटाच्या बाजूला, मोले-सत्तरीकडे गेलात तर पांढऱ्या पोटाचा टकाचोरही दिसतो, तो पश्चिम घाटातलाच. गंजासाठी तर खरा गंज वापरता येतो, जुन्या पत्र्यावरचा खरवडून मीडियममध्ये घोटायचा, वर चांगला सीलर द्यायचा. एक सावधगिरी, नावांना भुलू नका. नीलकंठाला इथले इंग्रज ब्लू जे म्हणायचे, तो जे नाही. कुंभारकावळा म्हणजे भारद्वाज, तो कावळा नाही, त्याची बसकण, चाल, सगळंच वेगळं. सिरीजला "कावळ्याचं कुळ" असं नाव देणार असाल तर हे दोघे आत शिरता कामा नयेत, कोणीतरी पक्षीवाला प्रदर्शनात येतोच आणि नेमकं तेच दाखवतो. मला दाखवलंय.

म्हणून रंग बाजूला ठेवा आणि पाच दिवस सकाळी नुस्त्याच्या (मासळीच्या) बाजारात वही घेऊन बसा. नुस्तंवाली बाय कापायला बसली की कावळे कुठून कुठून येतात. प्रत्येक स्केच अर्ध्या मिनिटाचं, दिवसाला दहा, पिसं काढायची नाहीत, फक्त अंगाची रेषा आणि मानेचा कोन. कावळ्याचे डोळे बाजूला असतात, त्यामुळे नीट बघायचं म्हणजे तो मान तिरकी करून एका डोळ्याने बघतो, त्यावरूनच आपल्या लोकांनी त्याला एकच बुबुळ आहे आणि ते तो इकडून तिकडे फिरवतो अशी कल्पना केली. ती तिरकी मान सापडली की कावळा सापडला, मग तुम्ही नुसता काळा कागद फाडून लावला तरी चालतो. आर. के. लक्ष्मण आयुष्यभर कावळे काढत राहिले, त्यांचे कावळे बघा, मोजक्या फटकाऱ्यांत कावळ्याचा सगळा आगाऊपणा आलेला असतो.

आता तिसरी अडचण, पाऊस. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पडतो आणि जवळपास सगळा चार महिन्यांत, त्यामुळे सुक्या हवेच्या गावातल्या लोकांचे व्हिडिओ बघून काम केलं की असंच होतं. माझी पहिली फजितीही हीच. पणजीतल्या एका गॅलरीत जुलैत प्रदर्शन होतं, मी पंख सुताराच्या पांढऱ्या गोंदाने लावलेले, उद्घाटनाच्या दिवशी पाहुणे चित्रासमोर उभे राहिले आणि पंख सुटून त्यांच्या बुटावर. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ म्हणतात तसं, फक्त इथे कावळाच तुटला. तो गोंद वाळल्यावरही ओलावा पितो आणि मऊ पडतो. खळ तर त्याहून वाईट, कसर आणि झुरळं खातात, जुने बाइंडर त्यात मोरचूद घालायचे ते याचसाठी, पण मोरचूद विषारी, घरात मुलं असतील तर नकोच.

एमडीएफ सोडा. मरीन प्लाय घ्या, चार कडा आणि मागची बाजू आधी सील करा, दोन हात, कारण पाणी पुढून शिरत नाही, कडेने आणि पाठीने शिरतं. मग जेसो (रंगाआधी द्यायचं पांढरं अस्तर). कागद चिकटवायला अॅक्रिलिक मॅट मीडियम, जड वस्तूंना जेल मीडियम, आणि कागदाच्या खालून आणि वरून दोन्हीकडून. खाली हवेचा फुगा राहिला तर बुरशीला घर मिळालं. वर्तमानपत्र थेट लावू नका, तो कागद वर्षभरात पिवळा पडून कुरकुरीत होतो, चांगल्या कागदावर लेझर झेरॉक्स काढा आणि ती लावा. घरच्या इंकजेटचा प्रिंट नको, मीडियम लागला की बऱ्याचदा शाई पसरते. आजीची जुनी पत्रं किंवा पोर्तुगीज काळातली कागदपत्रं असतील तर हात जोडते, कापू नका, त्यांचीही झेरॉक्सच. आणि पावसात प्रत्येक थर वाळायला दुप्पट वेळ धरा. वरून कोरडा लागतो, आत ओला असतो, वर वार्निश दिलं की ओलावा आत कोंडतो आणि पांढुरका ढग येतो. मी जून ते सप्टेंबर वार्निश करतच नाही, त्या दिवसांत स्केच आणि कोलाजचं कापकाम, वार्निश दिवाळीनंतर.

जे आत्ता फुगलंय ते वाचेल का? बोर्ड नाही वाचणार, एमडीएफ एकदा फुगला की परत बसत नाही. पण तुमच्या घरकावळ्याची मान चांगली जमलीय, ती वर्तमानपत्राची राखाडी तशीच सोडलीत ना, कदाचित रंग संपला म्हणून असेल, पण तिन्ही बोर्डांत तेवढीच जागा जिवंत आहे. तो भाग कापून घ्या, कोरड्या कपड्याने बुरशी पुसा (घराबाहेर, तोंडाला रुमाल बांधून), आणि नव्या प्लायवर तिथून सुरुवात करा.

अजून एक, तुम्ही विचारलं नाहीत पण कळेलच. कावळ्याचं चित्र घरात नको म्हणणारे भेटतील, पितृपक्षात तर हमखास, तुमच्या घरातलेच असतील. माझी सासू पहिली दोन वर्षं माझ्या खोलीत येत नव्हती. मग एकदा आली, बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, ह्याची मान आपल्या घाटावरच्या कावळ्यासारखी आहे. चित्र तिच्या खोलीत लावलंय आता, पण बाहेरच्या भिंतीला नाही, ती पावसात पाझरते. आतल्या भिंतीला, फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावून, म्हणजे मागून वारा खेळतो. तुमचंही तसंच लावा.